न मागणाऱ्यांची मुदत

मुदत वाढवून देणं हा शिक्षकाच्या मनाचा प्रश्न आहे, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. मन मोठं असेल तर मुलांना वेळ मिळतो, कोतं असेल तर मिळत नाही, इतकं सरळ. पनवेल परिसरातल्या एका पदवी महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला शिकवते, राहते करंजाड्यात, आणि स्टाफरूममध्ये माझं टेबल दाराजवळ आहे. असाइनमेंट राहिली, इंटर्नलच्या दिवशी येता आलं नाही, प्रोजेक्टचं ब्लॅक बुक अजून बाइंडिंगलाच गेलेलं नाही, अशी सगळी मुलं आधी माझ्याकडे यायची. "मॅडम, दोन दिवस द्या ना." मी द्यायची. कारण ऐकून घ्यायची, पण त्याची शहानिशा करत बसायची नाही.

आता माझं मत बदललं आहे. मी कडक झालेले नाही. मुलांना वेळ मिळावा, हे मला पूर्वीपेक्षा जास्तच वाटतं. फक्त तो देणं न देणं माझ्या मनावर असू नये, असं मला आता ठामपणे वाटतं.

माझं पूर्वीचं वागणं कशातून आलं होतं, तेही सांगायला हवं. आमच्याकडची मुलं कुठून येतात, हे मला दिसत होतं. करंजाडे म्हणजे मूळ गाव, त्याला लागून सिडकोचे सेक्टर आणि शेजारी वडघरकडचं पुनर्वसनाचं क्षेत्र. चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही गावं नवी मुंबई विमानतळासाठी उठली, आणि त्यांतल्या कितीतरी कुटुंबांनी या बाजूला नव्याने घरं बांधली. त्यांच्या जोडीला मुंबई-ठाण्यात भाडं परवडत नाही म्हणून आलेले लोक आहेत. विदर्भातले, मराठवाड्यातले, कोकणातले, उत्तरेकडचे. माझ्या वर्गात घरी आगरी बोलणारी मुलगी आणि घरी भोजपुरी बोलणारा मुलगा एका बाकावर बसतात. जेएनपीटीच्या रस्त्यावरच्या गोदामांत रात्रपाळी करून सकाळी थेट वर्गात येणारी मुलं आहेत. टँकर उशिरा आला म्हणून पहिलं लेक्चर बुडालं, असं कुणी सांगितलं तर मला पुरावा लागत नाही, कारण त्या सकाळी मीही खिडकीतून त्याच टँकरची वाट पाहिलेली असते. अशा मुलांना 'तारीख म्हणजे तारीख' हे सुनावणं मला क्रूर वाटायचं. आजही वाटतं.

ऑगस्ट-सप्टेंबरात तर टेबलापाशी रांगच लागे. कुणाला डेंग्यू, कुणाच्या घरी गौरी-गणपती, कुणी गोवा महामार्गावर गाडीत अडकलेला. मी सगळ्यांना वेळ दिला, आणि कॉलेजात एक तरी दार उघडं आहे, याचं समाधान घेऊन घरी येत राहिले.

एका सत्राच्या शेवटी अंतर्गत गुणांचा तक्ता भरताना एका मुलीच्या नावापुढे दोन ठिकाणी शून्य आलं. ही मुलगी वर्गात पुढे बसायची, खातेवहीचे हिशेब इतरांना समजावून सांगायची. तिने असाइनमेंट दिली नव्हती आणि इंटर्नलला ती नव्हती. मुदत मागायला ती माझ्याकडे आलीच नव्हती. मी मनात म्हटलं, हिला गरज नसेल, किंवा अभ्यासातलं मन उडालं असेल.

ती माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते, हे मला पुढे तिची आई किराणा दुकानात भेटली तेव्हा कळलं. वडिलांचं डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, वर जाण्यायेण्याचा वेळ. आई घरकामं करते, तिचे खाडे झाले तर पगार कापला जातो, म्हणून वडिलांना घेऊन मुलगी जायची. मी विचारलं, "मग ती माझ्याशी बोलली का नाही?" आई म्हणाली, "मॅडम, ती म्हणाली, घरचं सगळं चारचौघांत कशाला सांगायचं? आणि सांगून वर कागद मागितला तर कुठला देऊ?"

कागदाचा मुद्दा अगदी खरा होता. आजारी ती नव्हती, वडील होते. इंटर्नल चुकलेल्यांसाठी असलेल्या अतिरिक्त परीक्षेचा अर्ज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजाराचं प्रमाणपत्र मागतो, किंवा खेळ, एनसीसी, एनएसएस यांतल्या सहभागाचं पत्र. घरातल्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आमच्या अर्जावर रकानाच नव्हता. तिने माझं दार वाजवलं असतं तर मी तिला मुदत दिलीच असती. पण ते वाजवायला काय लागतं, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता. भरल्या स्टाफरूममध्ये उभं राहून, शेजारी चार शिक्षक पेपर तपासत असताना, वडिलांच्या किडन्या निकामी झाल्याचं सांगावं लागतं. आपल्यावर विश्वास ठेवला जाईल, याची आधीपासून खात्री असावी लागते. शिक्षकाकडे काही मागता येतं, हे कुणीतरी घरात शिकवलेलं असावं लागतं.

मग माझ्याकडे येणारी मुलं कोण होती, ते मी आठवून पाहिलं. काहींची गरज मोठी होती, यात शंका नाही. पण बहुतेकांना मागता येत होतं. एका मुलाचा ईमेल मला अजून आठवतो. इंग्रजी नेटकं, सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं प्रमाणपत्र स्कॅन करून जोडलेलं, शेवटी आगाऊ आभार. तो खरोखरच आजारी होता, मी त्याच्यावर संशय घेत नाही. त्याच्या आई-वडिलांनी कचेऱ्यांमध्ये काम केलेलं होतं आणि अर्ज कसा लिहायचा हे घरातच त्याच्या कानावर पडलेलं होतं. माझी मोठ्या मनाची मुदत अशा मुलांपर्यंत अचूक पोचत होती. जिच्या घरी औपचारिक पत्र कुणी कधी लिहिलं नाही, ती मुलगी शून्य घेऊन गप्प बसत होती. हे लक्षात आल्यावर माझ्या दयेविषयीचं माझं मत पूर्वीसारखं राहणं शक्य नव्हतं.

वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दलही मी नव्याने विचार करू लागले. आपल्याकडे सगळी सवलत त्या एका कागदाभोवती फिरते. तो कागद आजार किती सिद्ध करतो? तापाने फणफणलेली मुलगी घरात पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस पडून राहिली, तर तिच्याकडे काहीच उरत नाही; डॉक्टरकडे जायला पैसे असलेल्याकडे कागद असतो. पाळीच्या वेदनांनी दर महिन्याला एक दिवस उठता न येणाऱ्या मुलीने दर महिन्याला प्रमाणपत्र आणायचं का? केरळमधल्या कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना हजेरीत आणखी २ टक्क्यांची सूट दिली, ७५ ऐवजी ७३ टक्के. त्यासाठी कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आणि मानसिक आजार असेल तर? मनोविकारतज्ज्ञाच्या नावाचं प्रमाणपत्र वर्गशिक्षकाकडून परीक्षा विभागात, तिथून लिपिकाच्या टेबलावर फिरतं. ते कुठल्या मुलाला परवडेल? काही मुलं वर्ष गमावतात, पण तो कागद देत नाहीत.

या विचारात असताना मला २०२१ चा जुलै आठवला. चिपळूण, महाड पाण्याखाली गेलं तो पूर. तेव्हा जेईई मेनची परीक्षा चालू होती. कोल्हापूर, पालघर, रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, सांगली आणि सातारा इथल्या ज्या मुलांना केंद्रावर पोचता आलं नाही, त्यांना पुन्हा संधी मिळेल, असं दोनच दिवसांत जाहीर झालं. घरात पाणी शिरल्याचा दाखला आणा, असं कुणाला म्हटलं गेलं नाही. ते योग्यच झालं. दुष्काळातही आपल्याकडे हीच रीत आहे. गावातल्या पिकांची पैसेवारी काढतात, ती पन्नास पैशांच्या खाली गेली की सवलती साऱ्या गावाला मिळतात. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत विद्यार्थ्यांचं परीक्षा शुल्क माफ होतं. म्हणजे संकट जिल्ह्यावर आलं तर ते गृहीत धरून वेळ द्यायची पद्धत आपल्याला माहीत आहे. तेच संकट एका घरावर आलं की त्या घरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने ते कागदोपत्री सिद्ध करायचं.

मोठ्यांच्या मुदतींकडेही मी त्याच नजरेने पाहू लागले. आमच्या शेजारच्या विमानतळाचं भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ ला झालं, तेव्हा डिसेंबर २०१९ पर्यंत विमानं उडतील असं सांगितलं होतं. उद्घाटन झालं ८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि प्रवासी विमानं सुरू झाली २५ डिसेंबरला. डोंगर फोडायचा होता, नदीचं पात्र वळवायचं होतं, माणसं हलवायची होती, मध्ये साथ आली. कारणं खरी होती आणि लोकांनी ती समजून घेतली. मुंबई विद्यापीठाचंच पाहा. २०१७ च्या उन्हाळ्यात सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा निर्णय झाला. ४७७ परीक्षा, सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो की निकाल तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे. कुलपतींनी ३१ जुलैची तारीख घालून दिली, ती टळली. त्यानंतर तारखांवर तारखा पडत गेल्या, निकाल सप्टेंबरापर्यंत रेंगाळले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. पुढच्या प्रवेशांच्या तारखा त्या मुलांसाठी सगळीकडे थांबल्या नव्हत्या. ज्या व्यवस्थेला स्वतःला इतका वेळ लागू शकतो, तिने मुलाच्या दोन दिवसांसाठी त्याला शिक्षकाच्या कृपेवर सोडू नये, असं मला वाटतं.

माझे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. मुदतवाढीला त्यांचा कायम विरोध. वडील गेले त्या आठवड्यात त्यांनी स्वतः एम.कॉम.चा पेपर दिला होता, आणि हे ते बढाई म्हणून कधीच सांगत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच असे, "मॅडम, अंगात ताप असताना रात्री जागून वेळेवर देणारा एक मुलगा या वर्गात आहे. त्याला तुम्ही काय सांगणार?" पूर्वी मला हा युक्तिवाद कठोर वाटे आणि मी विषय बदलत असे. आता त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग मला पूर्ण पटतो. तो तापातला मुलगा माझ्याकडे आला नव्हता, कारण मागितलं तर मिळतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. सर ज्याच्या बाजूने बोलत होते, तो आणि डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून राहिलेली ती मुलगी, दोघंही एकाच जागी उभी होती, आणि माझं उघडं दार दोघांनाही दिसत नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा हवा, हे सरांचं. नियमात माणसाच्या अडचणीला जागा हवी, हे माझं. या दोन गोष्टी एकत्र बसतात, हे आम्हा दोघांना इतकी वर्षं शेजारी बसून उमगलं नव्हतं.

खोट्या कारणांची भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती. या भीतीचा समाचार सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात घेतला आहे. लिहिताना हाताला गोळे येण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालयाने लेखनिकाचा हक्क मान्य केला, आणि काहीजण गैरफायदा घेतील या शंकेपायी खऱ्या गरजवंताची सोय नाकारता येणार नाही, हेही स्पष्ट केलं. सोय ही मेहेरबानी नव्हे, समान संधीचाच भाग आहे, ही त्या निकालाची दिशा. अपंग विद्यार्थ्यांपुरता हा विचार २०१६ च्या कायद्यात आलेलाच आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट. तो वाचून मला पहिल्यांदा कळलं की मी जे उपकार म्हणून वाटत होते, ते काही मुलांचं आधीच देणं होतं.

पण नियम कागदावर असून भागत नाही. २०२१ मध्येच मुंबईत नीटला बसलेल्या, लिहिण्याची अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला तिच्या हक्काचा जादा तास मिळालाच नाही. केंद्रावर उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, तो कसा दूर करता येईल ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ठरवावं असा आदेश दिला, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. कायदा होता, तरी हातात घड्याळ असलेल्या माणसापर्यंत तो पोचला नव्हता. हजेरीच्या बाबतीत तर याहून वाईट घडलेलं आहे. २०१६ मध्ये हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने दिल्लीत आत्महत्या केली. त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याला केवळ हजेरीसाठी परीक्षेपासून रोखू नये, असं सांगितलं. नऊ वर्षांनी. हजेरी कमी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर लावताना हे माझ्या डोळ्यांपुढे असतं.

आमच्या विभागात आम्ही जे करू शकत होतो, ते केलं. असाइनमेंटसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात दोनदा थोडी जादा मुदत घेता येते. कारण विचारलं जात नाही, नाव आणि विषय लिहिला की पुरे. त्यापुढे वेळ हवा असेल तर अर्ज विषयशिक्षकाकडे येत नाही, विभागातल्या दोघांकडे जातो, आणि ते दोघं त्या मुलाला शिकवणारे नसतात. घरातल्या आजारी माणसाची देखभाल, लहान मूल, नोकरीतली पाळी, ही कारणं अर्जावर छापलेली आहेत. मुलाने फक्त खूण करायची. पालकाचं साधं पत्र किंवा विद्यार्थ्याचं स्वतःचं निवेदन चालतं. ही माहिती सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवली जाते, कारण नोटीस बोर्ड वाचणारी मुलंही पुन्हा तीच असतात, ज्यांना मागता येतं.

गौरी-गणपतीत पुष्कळांनी ती मुदत वापरली. वापरू देत. मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा: माझ्या टेबलाशी कधीच न आलेली नावं त्या यादीत होती, आणि ती एकदोन नव्हती. त्यांची कारणं मला माहीत नाहीत, आणि ती माहीत असण्याचा मला काही हक्क आहे असंही आता वाटत नाही.

या बदलात मी काही गमावलंही. पूर्वी मुलं यायची, बोलायची, जाताना "थँक यू मॅडम, तुम्ही होतात म्हणून" असं म्हणायची. त्या कृतज्ञतेची मला सवय लागली होती. माझ्या चांगुलपणाचा तो रोजचा दाखला होता, आणि एखाद्या थकलेल्या दिवशी तेवढ्यावर मी तरून जायची. आता अर्ज येतात, खूण केलेली असते, मुदत मिळते, आणि कुणी माझे आभार मानत नाही. सुरुवातीला हे मला बोचलं. मग विचार केला, की जे हक्काचं आहे त्याबद्दल आभार मानायला लागू नयेत, हेच तर मला हवं होतं. तरी त्या रिकाम्या झालेल्या दाराची सवय व्हायला वेळ लागला, हे लपवत नाही. ज्यांना बोलायचंच असतं, अशी मुलं अजूनही येतात. ती काही मागायला आलेली नसतात, म्हणून त्यांचं बोलणंही पूर्वीपेक्षा मोकळं झालं आहे.

पुढचं आमच्या हातात नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत शंभरातले चाळीस गुण अंतर्गत मूल्यमापनाला आले आहेत. म्हणजे वर्षभरात छोट्या-छोट्या तारखा पूर्वीपेक्षा कितीतरी वाढल्या, आणि प्रत्येक तारखेला कुणाच्या तरी घरी काहीतरी घडलेलं असणार. तेव्हा विद्यापीठाकडे माझं मागणं आहे. अतिरिक्त परीक्षेच्या कारणांत घरच्या आजारपणातली देखभाल स्पष्ट लिहावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेबद्दल आणि हजेरीतल्या सवलतीबद्दल नियम करायला सांगितलं होतं. ते नियम प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत छापावेत. वैद्यकीय कागद एकाच नेमलेल्या व्यक्तीने पाहावा आणि पुढे फक्त 'मंजूर' एवढाच शब्द जावा. आणि अर्ज करायची शेवटची तारीख मुलांना आपण ठळक छापून देतो, तशीच आपल्या उत्तराची तारीखही त्याच कागदावर छापावी. तोवर उत्तर आलं नाही तर मुदत मिळाली, असं मुलाने धरून चालावं.